दुसरा ब्रेक

४ जानेवारी, रविवार

ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा कपाटात काही कोऱ्या डायऱ्या उरल्या होत्या, त्यातली ही एक. प्रत्येक पानाच्या तळाशी 'शेरा' असं छापलेलं आहे. शिकाऊ माणसाने त्या दिवशी काय दिवे लावले ते तिथे लिहायचं. आजपासून शिकाऊ एकच आहे आणि तिला चार पाय आहेत.

कुत्रीचं नाव गुंडी. अंगाने तपकिरी, पाठीवर एकच गोल काळा ठिपका, सदऱ्याच्या गुंडीएवढा, म्हणून हिने (म्हणजे माझ्या बायकोने) ते नाव ठेवलं. माझ्या मते ते गुंड या शब्दाचं स्त्रीलिंग आहे. मला कुत्र्यांचं वेड कधीच नव्हतं. कुत्री हिची, लाड हिचे, आणि सोफ्यावरचे केस झाडायचे मी.

सप्टेंबरात हिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय पुष्कळ सुधारला, चार पायांची काठी घेऊन घरात फिरते. उजवा हात अजून मांडीवर पडून असतो. बोलणं मात्र आलं नाही. 'बस' एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. चहा पुरे झाला तरी बस, टीव्ही नको असला तरी बस, डोळ्यांत पाणी आलं तरी बस. आणि ही बस म्हणाली की गुंडी असेल तिथे बसकण मारते, कारण तिला त्या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नाही. चार महिन्यांत मला कुणी 'अहो' म्हणून हाक मारलेली नाही. घरात एवढी शांतता असते की फ्रिज चालू झालेला कळतो.

गेल्या आठवड्यात ही डाव्या हातात पट्टा धरून गुंडीला फाटकापर्यंत घेऊन गेली. मांजर आडवं गेलं, गुंडी सुसाट सुटली, ही पडली. गुडघा सुजला, बाकी नशिबाने काही नाही. लेक दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. तिच्या सासऱ्यांचं गावाबाहेर मोठं आवार आहे, कुत्री तिथे राहील म्हणाली.

"बाबा, मला आई हवीय. कुत्री काय, शंभर मिळतील."

बोलणं चुकीचं नव्हतं. पण दिवसभरात ही हसते ती एकदाच, सकाळी कुत्री अंगावर उडी मारते तेव्हा. ते गेलं तर या घरात काय राहील याचा विचार माझ्याच्याने करवेना. मी म्हटलं, मी तिला केनेल क्लबच्या, कुत्र्यांना शिकवतात त्या वर्गाला घालतो, वळण लावतो. लेक म्हणाली, "बावीस मार्चला त्यांची स्पर्धा असते. मी येऊन डोळ्यांनी बघेन. सांगितलेलं ऐकते असं दिसलं तर राहू दे. नाहीतर तिथूनच गाडीत घालून नेईन."

ही बाजूलाच होती. "बस," म्हणाली. गुंडी बसली. लेक म्हणाली, "बघा, आईलाही पटलं."

तर आज पहिला वर्ग. पाण्याच्या टाकीमागे मैदान, पत्र्याची खोली, खोलीत ओल्या कुत्र्यांचा वास. उभा जन्म मी माणसांना गाड्या शिकवल्या. त्यात एक माणूस असा होता की त्याला उजवं-डावं कळायचं नाही. म्हटलं, कुत्री काय चीज आहे! पहिल्या पाच मिनिटांत गुंडीने दातांच्या डॉक्टरांच्या लॅब्राडोरची बिस्किटं खाल्ली, माझ्या पायांना पट्ट्याचे वेढे घातले आणि मला सगळ्यांदेखत आडवं केलं.

शेरा: क्लच नाही, ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. नुसता ॲक्सिलरेटर.

७ जानेवारी, बुधवार

शिकवणाऱ्या बाईंना सगळे चष्मेवाली म्हणतात. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काम करतात आणि स्वतःचा चष्मा कायम कपाळावर. आज अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव; गुंडी आडव्या दांड्यावरून उडी मारून नीट धावत होती. मला आनंद झाला, मी ओरडलो, "बस बस, छान, आता पुरे!" गुंडी धावता धावता मैदानाच्या मधोमध बसली. मागून येणारा लॅब्राडोर तिच्यावर आदळला.

चष्मेवाली पोट धरून हसली. म्हणाली, "सर, तुम्ही एका दमात तिला बसवलंत, शाबासकी दिलीत आणि सुट्टी पण दिलीत. तिने त्यातलं काय ऐकायचं?"

सर का म्हणते, विचारलं. तर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. मला आठवेना. ती म्हणाली, "तुम्हाला कशी आठवेन? गाडी तर तुम्हीच चालवत होतात." सगळे हसले. मीही हसलो, विनोद मात्र कळला नाही.

१२ जानेवारी, सोमवार

हिला बोलणं परत शिकवायला एक बाई घरी येतात. चित्रं दाखवतात आणि हिने नाव सांगायचं. आज कपाचं चित्र होतं. हिचे ओठ जुळले, कपाळावर आठी आली, "क... क..." झालं. मी म्हटलं, "कप!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी सिग्नल तोडून आलोय. म्हणाल्या, "काका, शब्द तुम्ही द्यायचा नाही. तुम्ही थांबायचं." थांबतोच की मी. पण समोर माणूस अडकलेलं दिसतंय, शब्द आपल्याजवळ आहे, मग द्यायचा नाही? पाण्यात पडलेल्याला दोर टाकू नका असं सांगण्यासारखं आहे. हिने चित्रांचा गठ्ठा उपडा केला आणि खिडकीकडे तोंड केलं.

दुपारी हिची विश्रांतीची वेळ असते. मी वाचनालयात जातो. तेवढाच दोघांनाही मोकळा श्वास.

१८ जानेवारी, रविवार

उड्या जमल्या. कापडी बोगद्यातून आरपार जाते. खांबांच्या रांगेतून नागमोडी जाते, एखादा खांब गाळते, पण जाते. घोडं अडलंय सीसॉवर. लहान मुलांच्या बागेत असतो तसाच लांब फळा, एका टोकाने चढायचं, मध्यावर गेलं की फळा पलीकडे कलंडतो, मग उतरायचं. गुंडी मोठ्या तोऱ्यात चढते आणि बरोबर मध्यावर थांबते. प्रत्येक वेळी. मी खालून "चल, चल, चल" करून घसा बसवून घेतला. ती वरून माझ्याकडे बघत राहते. डॉक्टरांची बायको म्हणाली, "घाबरट आहे बिचारी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी कुत्री काहीही असेल, घाबरट नाही.

आज पहिल्यांदा 'माझी कुत्री' असं लिहिलं. असू दे.

२१ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस लिहायलाच नको असं वाटतंय, पण लिहितो.

सीसॉवर पुन्हा तेच. चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, मला म्हणाली, "सर, परत सोडा तिला." सोडलं. गुंडी मध्यावर थांबली. "परत." परत थांबली. मग ती गुंडीकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "सर, तुमचा उजवा पाय."

"काय झालं पायाला?"

"ब्रेक दाबताय तुम्ही."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस कुणाच्या अंगावर घालायला निघाला की आपण दाबायचा. इतकी वर्षं दाबून दाबून पायाला सवय झालीय. गुंडी फळ्यावर वेगात चढली की माझा पाय आपोआप जमिनीत रुततो आणि ती तो पाय बघते. पाय थांब म्हणतो, तोंड चल म्हणतं. तिने पायाचं ऐकलं.

"माझ्या वेळीही असंच व्हायचं," चष्मेवाली म्हणाली. "मी ब्रेकवर पाय न्यायच्या आधी गाडी थांबलेली असायची. परीक्षेत साहेबांच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता. मी सरळ भाजीच्या गाड्यात घातली."

एवढं बोलून गप्प बसली असती तर बरं. तिने पिशवीतून एक रबरी बदक काढलं, दाबलं की 'चूं' करणारं, आणि माझ्या उजव्या बुटाखाली ठेवलं. "आवाज आला नाही पाहिजे, सर." गुंडी चढली. चूं. सगळा वर्ग फुटला. परत चढली. चूं. लॅब्राडोर माझा बूट खायला धावला. शेवटी मी दोन्ही मुठी आवळल्या, डोळे मिटले, आणि पाय माझा नाहीच असं समजलो. आवाज झाला नाही. डोळे उघडले तर गुंडी फळ्याच्या पलीकडे उभी राहून शेपूट हलवत होती.

शेरा: शिकाऊ उत्तम. शिकवणारा नापास.

३० जानेवारी, शुक्रवार

घरात कुणीतरी बिस्किटं खातंय. गुंडीच्या बक्षिसाचा डबा मी भरून ठेवतो आणि वाचनालयातून येईपर्यंत तो निम्मा झालेला असतो. कामवाल्या बाईंना विचारलं तर त्या फणकारल्या, "मी कुत्र्याची बिस्किटं खाते होय?" शिवाय हॉलमधली सतरंजी रोज गोळा झालेली असते, आणि आज तर हिची काठी दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली. हे कुठलं केर काढणं? बाई म्हणाल्या, "मी हात पण लावला नाही." ही सोफ्यावर बसून भिंतीकडे बघत होती. गुंडी धापा टाकत होती. या कुत्रीला उन्हाळा आत्तापासूनच लागतोय.

समोरच्या वहिनी फाटकात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, वहिनींचा आवाज येतो हो दुपारचा! बरं वाटलं ऐकून." मी म्हटलं, टीव्ही असेल. त्यांना वाईट वाटलं, मला त्याहून जास्त.

८ फेब्रुवारी, रविवार

आज गुंडीची कमाल झाली. चष्मेवालीने सहज डावा हात वर केला आणि गुंडी जिथल्या तिथे खिळली. डावा हात खाली, गुंडी आडवी. डावा हात बाजूला, गुंडी दांड्यावरून पलीकडे. चष्मेवाली चकित.

"सर, घरी डाव्या हाताने कोण शिकवतं हिला?"

"कुणी नाही. घरात आम्ही दोघंच आणि मी उजवा."

चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी काकूंना घेऊन या."

म्हटलं, कशाला त्रास? मैदान खडबडीत, ऊन, त्यात कुत्री अंगावर आली तर! ती म्हणाली, "सर, पाय." खाली बघितलं. उजवा पाय जमिनीत रुतलेला होता. ही मुलगी फार आगाऊ आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

हिला घेऊन गेलो. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी अजून मीच वापरतो. ही शेजारच्या सीटवर बसली, तिच्या पायाशी तो दुसरा ब्रेक. म्हटलं, पाय मागे घे, चुकून दाबला जाईल. घेतला. रस्ताभर खिडकीतून बघत होती. केस स्वतःच्या डाव्या हाताने विंचरलेले, भांग जरा वाकडा. सप्टेंबरानंतर दवाखान्याशिवाय पहिल्यांदा बाहेर.

चष्मेवालीने मैदानाच्या टोकाला खुर्ची टाकली आणि मला म्हणाली, "स्पर्धेत जोडीची फेरी असते. एकाने सुरुवातीच्या रेषेवरून कुत्रं सोडायचं, दुसऱ्याने शेवटच्या रेषेवरून बोलवायचं. मधले सगळे अडथळे कुत्र्याने एकट्याने पार करायचे. सोडणाऱ्याने नंतर बोलायचं नाही, हलायचं नाही. बोलावणाऱ्याने हात हलवायचे नाहीत, फक्त आवाज. अडथळा चुकला की दंड, आणि आधी दंड मोजतात, मग वेळ. सर, सोडायला तुम्ही. बोलवायला काकू."

मला हसावं की रडावं कळेना. "अहो बाई, ती बोलत नाही! तिला बोलता येत नाही, दिसतंय ना तुम्हाला? डॉक्टरांनीसुद्धा..."

"बस!"

हिने काठी जमिनीवर आपटली होती. गुंडी बसली. मैदानावरची आणखी दोन कुत्री बसली. डॉक्टरांचा लॅब्राडोर, जो गेला महिनाभर कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तोसुद्धा बसला.

"हुकूम तर चोख आहे," चष्मेवाली म्हणाली आणि वहीत आमच्या दोघांची नावं घातली.

मला वाटलं, हिला गुंडीला बसवायचं होतं. येताना तसं म्हणालो, तर हिने माझ्याकडे बघून इतक्या जोरात सुस्कारा सोडला की काच धुरकट झाली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही. लेकीने बघायला यायचं आणि ही खुर्चीत बसून तोंड उघडणार, शब्द निघणार नाही, लोक बघणार. मग गुंडीची पिशवी गाडीत आणि हिचं ते तोंड. मी माझ्या हातानेच या सगळ्याची सोय करून ठेवली. एकेरी फेरीत मीच सोडलं असतं, मीच बोलावलं असतं, तर पाच-दहा गुणांनी का होईना निभावून नेलं असतं. आता सगळं एका शब्दावर आलं.

मला ही हवीय, पहिल्यासारखी. भांडणारी. हे कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहितो.

८ मार्च, रविवार

सराव. मी सुरुवातीच्या रेषेवर, ही पलीकडे. गुंडी पट्ट्याशिवाय माझ्या पायाशी. हिने तोंड उघडलं. "गं... ग..." हिच्या मानेची शीर ताठ झालेली मला एवढ्या लांबून दिसली. "गं..."

"गुंडी, ये!" मी ओरडलो.

गुंडी बावचळून माझ्याभोवतीच गोल फिरली. ही खाली मान घालून बसली.

चष्मेवाली माझ्याकडे चालत आली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळू म्हणाली, "सर, तोंडालाही ब्रेक आहे का तुमच्या?" मग पाण्याची बाटली पुढे केली. "एक मोठा घोट घ्या. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. गुंडी पलीकडे पोचेपर्यंत."

गुळणी धरून बसणं हे मी आजवर लोकांकडून नुसतं ऐकलं होतं. आज भर मैदानात, गाल फुगवून, उजवा पाय डाव्या पायामागे अडकवून, प्रत्यक्ष केलं. नाक खाजायला लागलं. एक कावळा फळ्यावर येऊन बसला. हिचे ओठ हलत होते. मला शब्द माहीत होता, पूर्ण, काना-मात्रेसकट, आणि तोंडात पाणी होतं.

"गुं..." मग बराच वेळ काही नाही. मग, "...ये."

नाव अर्धं, पण 'ये' स्वच्छ. गुंडी सुटली. एक खांब चुकवला, सीसॉवर जरा घुटमळली, पण पोचली आणि सरळ हिच्या मांडीवर चढली. मी पाणी गिळलं आणि ठसका लागला. चष्मेवाली पाठ चोळत होती आणि मी तिला खुणेनेच सांगत होतो की डोळ्यांतलं पाणी ठसक्याचं आहे.

११ मार्च, बुधवार

शब्द आला नाही. पाच वेळा प्रयत्न केला. गुंडी जागेवर झोपून गेली.

शेरा: लिहवत नाही.

२१ मार्च, शनिवार

लेक आली. उद्यासाठी गाडीच्या डिकीत जुनी चादर घालून ठेवलीय, 'लागली तर' म्हणाली. गुंडीचं भांडं, पट्टा आणि चावलेला चेंडू एका पिशवीत भरलाय. ही ते सगळं बघत होती. मग उठली, काठी टेकत गेली, पिशवीतला चेंडू काढला आणि आपल्या उशीखाली ठेवला. लेकीने तोंड फिरवलं.

लेक वाईट नाही. घाबरलीय. मीही घाबरलोय.

२२ मार्च, रविवार

घाईने लिहितोय, त्यामुळे अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

मैदानाभोवती दोरी, खुर्च्या, लाउडस्पीकर. जोडीच्या फेरीत आमचा नंबर शेवटून दुसरा. डॉक्टर आणि त्यांची बायको आमच्या आधी. त्यांचा लॅब्राडोर बंदुकीच्या गोळीसारखा सुटला, शेवटचा दांडा पाडला, तरी टाळ्या कडाडल्या. त्याच्या आधीच्या कुत्र्याने खांबाशी जाऊन पाय वर केला होता. एकाने बोगद्यात मुक्काम ठोकला. थोडक्यात, कुणाचीही फेरी बिनदंडाची नव्हती. हे मला तेव्हा कळलं नाही, कारण मी फक्त पलीकडच्या खुर्चीकडे बघत होतो.

लेक दोरीपाशी उभी होती. हातात गाडीची किल्ली.

मी पाण्याचा घोट घेतला, गाल फुगवले, उजवा पाय मागे अडकवला. परीक्षकांनी विचारलं, "तयार?" मी मान हलवली. ते जरा चमकले. गुंडीच्या पाठीवरून हात फिरवला, त्या काळ्या ठिपक्यावरून, आणि हात काढून घेतला. आता माझं काम संपलं होतं.

हिने तोंड उघडलं. काही नाही.

मैदान हळूहळू गप्प झालं. कुणीतरी खोकलं. लाउडस्पीकरने एक किंकाळी फोडली, गुंडी दचकली आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग पायाकडे. मी पाय हलू दिला नाही. हिचा डावा हात वर उठायला लागला होता. तो हिने मांडीखाली दाबून धरला. "ग..." ऐकू आलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, बिचारीला बोलताच येत नाही." त्या बाईच्या डोक्यावर सगळं पाणी ओतावंसं वाटलं, पण ओतता येत नव्हतं. माझ्या तोंडात पाणी आणि पाण्यामागे तो शब्द. चार महिने, नाही, जास्तच, रोज दहा वेळा तो शब्द मी हिच्या हातात ठेवला होता आणि रोज हिने तो खाली टाकला होता. आज माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी नुसता थांबलो.

"गुंडी!"

एवढ्या जोरात की टाकीवरची कबुतरं उडाली.

"गुंडी, ये! ये! ये!"

गुंडी सुटली. पहिला दांडा, दुसरा दांडा. बोगद्यात शिरली तेव्हा कापड सापासारखं वळवळलं, बाहेर आली. खांब, एकही न गाळता. फळ्यावर चढली. मध्यावर आली. माझ्या पोटरीत गोळा आला, पण पाय जागेवर. फळा कलंडला, गुंडी डौलात उतरली आणि तिने रेषेपलीकडे जाऊन खुर्चीसकट हिला हलवलं.

परीक्षकांनी हात वर केला. "दंड शून्य!" मी "वा!" म्हणायला तोंड उघडलं आणि गुळणी थेट त्यांच्या शर्टावर गेली. नियमात हे कुठे बसतं ते त्यांना सापडेना. गुंडी रेषा ओलांडून गेली होती, म्हणून सोडून दिलं.

वेळ आमचा सगळ्यांत वाईट. पण दंड नसलेली फेरी एकच. पहिला नंबर! कपावर पितळी कुत्रा आहे, त्याची शेपटी कुणीतरी आधीच मोडलीय. हिने तो डाव्या हाताने उचलला तेव्हा डॉक्टरांच्या बायकोनेसुद्धा उभं राहून टाळ्या वाजवल्या. चष्मेवाली चष्मा पुसत होती, पुसत होती, आणि चष्मा तर कोरडा होता. ती हिला म्हणाली, "काकू, घरचा सराव कामी आला." हिने काठी उचलली आणि हवेत आडवी धरली. दोन स्टुलांवर ठेवावी तशी.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. बिस्किटं, सतरंजी, वहिनींनी ऐकलेला आवाज. रोज दुपारी, मी बाहेर पडलो की! मी कामवाल्या बाईंची माफी मागायला हवी.

लेक दोरीखालून आत आली. आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली, मग स्वतःच्या गाडीतून ती पिशवी आणून आमच्या गाडीत ठेवली. तिची गाडी मैदानाबाहेरच राहू दिली आणि गुंडीला घेऊन आमच्या मागच्या सीटवर बसली. ही पुढे, माझ्या शेजारी, मांडीवर कप.

मी सुसाट सुटलो होतो. तोंडाने म्हणतोय. फेरी कशी झाली ते तिथे हजर असलेल्या तिघींना मी पहिल्यापासून सांगत होतो, बोगदा, खांब, फळा, आणि पुढच्या वर्षी मोठ्या गटात कसं उतरायचं, आणि सरावाला घरामागे फळा कसा बसवायचा. मध्येच हिचे ओठ हलले असं वाटलं. मी म्हटलं, "काय गं, पाणी हवं? काच लावू? ऊन लागतंय?"

गाडी गचकन थांबली.

ब्रेक मी दाबला नव्हता. खाली बघितलं. हिचा डावा पाय दुसऱ्या ब्रेकवर, चांगला भक्कम. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. ही माझ्याकडे वळली.

"अहो," म्हणाली.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"बस."

मागच्या सीटवर गुंडी बसली. लेक हसायला लागली. मीही गप्प बसलो. पाणी तोंडात नव्हतं, तरी बसलो. स्कूटरवाला आमच्याकडे बघत पुढे गेला, त्याच्यामागून एक टेंपो गेला. हिचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. आम्ही तिघं बघत राहिलो.

"उद्या," ही म्हणाली. मग दम घेतला. "उद्या... परत."

उद्या सोमवार. सोमवारी क्लब बंद असतो. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी मान हलवली, हिने पाय उचलेपर्यंत वाट पाहिली आणि पहिला गिअर टाकला.

शेरा: शिकाऊ पास.